हाताला विसर पडतो तेव्हा

आपल्याकडे घरात कुणाला अर्धांगवायूचा झटका आला की दोन गोष्टी ताबडतोब सुरू होतात. पहिली म्हणजे सल्ले. अमक्या गावच्या वैद्याचं तेल, तमक्या गावचा उतारा, आणि कुठून ना कुठून तरी कबुतराचं रक्त चोळायची सूचना येतेच. (शिकल्यासवरलेल्या घरांतही येते, हसू नका.) दुसरी गोष्ट म्हणजे सेवा. पाण्याचा पेला तोंडाशी, घास भरवणं, सदऱ्याची बटणं लावून देणं, आणि "तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा" असं दिवसातून दहा वेळा बजावणं.

पहिल्या गोष्टीचा उपयोग नसतो, हे बहुतेकांना मनातून ठाऊक असतं. दुसरी मात्र मायेपोटी होते, त्यामुळे तिच्याविषयी कुणी शंका घेत नाही. आणि तीच पुष्कळदा हाताचं उरलंसुरलं बळ घालवते. हे कळायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षं लागली. गेले काही महिने मी त्या शंभर वर्षांविषयी मिळेल ते वाचतोय. का वाचतोय ते पुढे येईलच. आधी इतिहास.

गोष्ट सुरू होते स्वित्झर्लंडमधल्या हायडेन नावाच्या छोट्या गावात. रेडक्रॉसची कल्पना ज्यांची, ते आंरी द्यूनां उतारवयात याच गावात येऊन राहिले होते. तिथे हाइनरिश फ्रेंकेल नावाचे तरुण डॉक्टर होते. १८८७ साली त्यांच्याकडे टेबीस डॉर्सालिसचा एक रुग्ण आला. हा सिफिलिसच्या शेवटच्या टप्प्यातला आजार. यात मज्जारज्जूच्या मागच्या भागातले तंतू खराब होतात. स्नायूंमध्ये ताकद असते, पण आपले पाय कुठे आहेत हेच माणसाला कळेनासं होतं. चालताना नजर पायांवर ठेवावी लागते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो.

फ्रेंकेलनी त्याला डोळे मिटून बोट नाकाच्या टोकाला लावायला सांगितलं. जमलं नाही. काही महिन्यांनी तोच रुग्ण परत आला आणि या वेळी बोट बरोबर नाकाला लागलं. रोग तर तसाच होता. पेनिसिलिन यायला अजून पन्नासहून अधिक वर्षं होती. मग हे झालं कसं? चौकशी केल्यावर कारण अगदी शाळकरी निघालं. गेल्या वेळी परीक्षेत नापास झालो, आता पास व्हायचं, म्हणून हा गृहस्थ घरी बसून रोज सराव करत होता!

एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. फ्रेंकेलनी त्यावर आयुष्य खर्च केलं. जमिनीवर रेघा आणि पावलं आखून त्यांवर पाऊल टाकायचं, अंक मोजत, सावकाश, डोळ्यांनी बघत. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून, मग चालत. यंत्र नाही, औषध नाही, नुसती एकाग्रता आणि पुनरावृत्ती. तोल आणि हालचालींचा मेळ गेलेल्या रुग्णांना 'फ्रेंकेलचे व्यायाम' आजही दिले जातात. मेलेले तंतू जिवंत न होताही माणूस सुधारू शकतो, ही गोष्ट त्यांच्या खोलीत रोज घडत होती.

पण शास्त्राचा ओघ उलटा होता. मज्जापेशींची रचना उलगडून दाखवल्याबद्दल १९०६ चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं, त्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी पुढच्या दशकात लिहिलं, की प्रौढ मेंदूतल्या वाटा कायमच्या ठरलेल्या असतात; तिथे मरतं ते मरतं, नवं उगवत नाही. हा कठोर नियम जमल्यास पुढच्या काळातल्या विज्ञानाने बदलावा, अशा अर्थाचंही त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. जगाने पहिला भाग पाठ केला आणि दुसरा विसरून गेलं.

याच सुमाराला अमेरिकेत शेफर्ड आयव्हरी फ्रांझ हे मानसशास्त्रज्ञ वेगळंच काही बघत होते. १९१५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं, की जुना अर्धांगवायूदेखील प्रयत्नाने काही अंशी सुधारू शकतो. १९१७ साली ऑग्डेन यांच्याबरोबर त्यांनी माकडांवर प्रयोग केले. मेंदूला इजा करून एक बाजू लुळी पाडलेल्या माकडांचा चांगला हात बांधून ठेवला आणि लुळ्या हाताला काम करायला लावलं, तर तो हात पुष्कळ सुधारला. आज ज्या उपचाराचा एवढा गवगवा आहे, त्याचं बीज इथे पूर्णपणे हजर होतं. पण मेंदू बदलत नाही हे सगळ्यांनी मान्य केल्यावर असल्या निष्कर्षाचं करायचं काय? तो कपाटात पडून राहिला.

पुढची कित्येक वर्षं अर्धांगवायूच्या रुग्णाला शिकवलं गेलं ते भरपाईचं शास्त्र. उजवा हात गेला, तर डाव्याने लिहा, डाव्याने जेवा. पायाला कॅलिपर, हातात काठी. हे चूक होतं असं नाही, माणसं त्यामुळे घराबाहेर पडू लागली. फक्त लुळ्या हाताकडे कुणी बघत नव्हतं.

मज्जारज्जू तुटलेल्यांची गोष्ट इथे थोडी वेगळी सांगावी लागेल. तिथे भरपाई हाच मोठा पराक्रम होता. दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीच्या कण्याला जखम झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाने लवकरच मरत. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमन यांनी १९४४ साली स्टोक मँडव्हिलच्या इस्पितळात अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, हा त्यांचा नियम. मग खेळ. २९ जुलै १९४८ ला, ज्या दिवशी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी, त्यांनी चाकांच्या खुर्चीतल्या १६ माजी सैनिकांची, त्यात स्त्रियाही होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

या मुळाची एक फांदी सांगली जिल्ह्यापर्यंत येते. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली आणि भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, आणि आपल्यापैकी अनेकांना त्यांचं नाव कळलं ते २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' सिनेमामुळे. असो. पेटकरांचे पाय परत आले नाहीत. फिजिओथेरपी म्हणजे दरवेळी गेलेलं परत मिळवणं नव्हे, उरलेल्याचं सोनं करणंही आहे, एवढं त्यांच्याकडे बघून कळतं.

आपल्याकडे या विद्येला पाय फुटले ते पोलिओमुळे. पोलिओ हाही मज्जासंस्थेचाच रोग. विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. या बाईंनी स्वतःच्या मुलीवर उपचार मिळवले आणि तेवढ्यावर न थांबता चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत अशा मुलांसाठी केंद्र उभारलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं विद्यालय सुरू झालं आणि १९५५ साली हाजी अलीला अखिल भारतीय संस्था उभी राहिली. आज गल्लोगल्ली जे फिजिओथेरपिस्ट दिसतात, त्यांची परंपरा तिथून सुरू होते.

आता परत त्या लुळ्या हाताकडे.

बर्लिनहून पळून लंडनला आलेल्या बेर्टा बोबाथ या मूळच्या व्यायामशिक्षिका. चाळीसच्या दशकात त्यांच्याकडे सायमन एल्विस हे नामांकित व्यक्तिचित्रकार आले. उजवी बाजू गेलेली, हात ताठरलेला. बेर्टाबाईंनी ठरलेली पद्धत बाजूला ठेवली आणि बघत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं, की हा ताठरपणा दगडासारखा कायमचा नाही. शरीर कसं ठेवलं, कुठे धरलं, यानुसार तो कमीजास्त होतो. त्यांनी आणि त्यांचे पती डॉ. कारेल यांनी यातून जी पद्धत उभी केली ती जगभर पसरली. पुढे चाचण्या झाल्या तेव्हा ही पद्धत इतरांपेक्षा सरस ठरली नाही, हेही सांगायला हवं. स्वतः एल्विसही पुढे चित्रं काढू लागले ते डाव्या हाताने. पण "वाईट बाजूकडेही बघा" हा बोबाथ दांपत्याचा आग्रह टिकला.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. न्यूयॉर्कमध्ये पेद्रो बाख-इ-रिता नावाचे कवी आणि प्राध्यापक होते. १९५९ च्या सुमाराला, वयाच्या पासष्टीत, त्यांना मोठा झटका आला. बोलणं गेलं, निम्मं अंग गेलं. नेहमीचे उपचार होऊन संपले. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यक शिकत होता. त्याला पुनर्वसनाचं शास्त्र येत नव्हतं, आणि तेच पथ्यावर पडलं. त्याने वडिलांना तान्ह्या बाळासारखं पहिल्यापासून शिकवायचं ठरवलं. आधी भिंतीच्या आधाराने रांगणं. मग जमिनीवर गोट्या खेळणं, वाईट हाताने त्या पकडणं. मग भांडी धुणं. एवढ्या मोठ्या प्राध्यापकाला अंगणात रांगायला लावतात म्हणून शेजारीपाजारी नावं ठेवत. वर्षभराच्या आसपास पेद्रो पुन्हा शिकवायला लागले. पुढे लग्न केलं, डोंगर चढले, आणि सात वर्षांनी कोलंबियातल्या डोंगरात हृदयविकाराने गेले.

शवविच्छेदनात जे दिसलं त्याने त्यांचा दुसरा मुलगा, मेंदूशास्त्रज्ञ पॉल, हादरला. मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या तंतूंची फार मोठी नासधूस झाली होती आणि ती तशीच होती, भरून आलेली नव्हती. म्हणजे सात वर्षं हा माणूस चालला, बोलला, डोंगर चढला, तो उरलेल्या थोड्या वाटांवरून. पॉल यांनी पुढचं आयुष्य मेंदूच्या या लवचीकपणाच्या अभ्यासाला दिलं.

हे घडतं कसं याचा मोठा भाग उलगडला तो एडवर्ड टाउब यांनी, आणि तो प्रकार सुखाचा नाही. टाउब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकड तो हात वापरत नसे. १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन यांनी हेच पाहून निष्कर्ष काढला होता, की संवेदना नसेल तर हालचाल अशक्य. टाउब यांनी चांगला हात बांधला, आणि माकडाने 'अशक्य' हात वापरायला सुरुवात केली. मग आधी का वापरत नव्हतं? त्यांचं उत्तर असं: इजा झाल्यावर पहिले काही दिवस हात खरोखरच हलत नाही. माकड प्रयत्न करतं, फसतं, पडतं. तीन पायांवर भागतंय आणि खायलाही मिळतंय, हे शिकतं. काही महिन्यांनी हात हलण्याजोगा होतो, पण तोवर माकडाने प्रयत्न करणंच सोडलेलं असतं. या प्रकाराला त्यांनी नाव दिलं, शिकलेला न-वापर.

१९८१ साली मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली. तिथल्या १७ माकडांच्या हालांची छायाचित्रं प्राणिहक्कवाल्यांनी बाहेर आणली होती. टाउब दोषी ठरले आणि पुढे अपिलात कायद्याच्या मुद्द्यावर सुटले. त्या माकडांचं जे झालं ते वाचवत नाही. ज्या ज्ञानाचा आज लाखोंना उपयोग होतो ते अशा ठिकाणाहून आलंय, हे विसरून पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

काही वर्षांनी टाउब यांनी अलाबामा विद्यापीठात हेच तत्त्व माणसांवर वापरलं. १९९३ साली त्यांनी मोजक्याच जुन्या रुग्णांवरचा प्रयोग छापला. चांगला हात जागेपणीचा बहुतांश वेळ, चौदा दिवस अडकवून ठेवायचा आणि वाईट हाताकडून तासन् तास काम करून घ्यायचं. २००६ साली २२२ रुग्णांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेले हे रुग्ण. दोन आठवड्यांच्या अशा उपचारानंतर त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगला चालू लागला, आणि हा फायदा वर्षभरानंतरही टिकून होता. फ्रांझचं कपाट नव्वदेक वर्षांनी उघडलं!

आता मर्यादा, कारण त्या न सांगणं म्हणजे पुन्हा कबुतराचं रक्त विकणं. हा उपचार ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल परत आली आहे त्यांच्यासाठीच आहे. पूर्ण लुळ्या हाताला तो लागू पडत नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. २०१५ साली २,१०४ रुग्णांवरच्या एका चाचणीत दिसलं, की झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत रुग्णाला वारंवार उठवून उभं केलं, तर निकाल उलट थोडा वाईट लागतो. दुसऱ्या बाजूला हेही खरं, की नंतरच्या काळात आपण फारच कमी करतो. २००९ साली काही संशोधकांनी प्रत्यक्ष मोजलं, तर उपचाराच्या एका बैठकीत हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी ३२ वेळा होत होत्या. माकडांच्या मेंदूत बदल दिसले ते दिवसाला शेकडो वेळा केल्यावर. बाकीचे शेकडो कुठे व्हायचे? घरीच व्हायचे.

आणि घर म्हटलं की आपण आलो.

माझ्या मावशीला दीड वर्षापूर्वी झटका आला, हे इथे येणाऱ्या नातेवाईकांना माहीत आहेच. उजवा हात. सहा महिन्यांनी बोटं थोडी उघडायला लागली, तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने व्यायामाचा तक्ता दिला, त्यात स्वयंपाकघरच होतं. एका वाटीतले मूग दुसऱ्या वाटीत, मुठीमुठीने. ओट्यावरून फडकं फिरवणं. मटार सोलणं. कणकेचा गोळा दाबणं. जेवताना चमचा उजव्या हातात, कितीही सांडलं तरी. आणि तिला आधार देताना त्या हाताला धरून कुणी ओढायचं नाही, खांदा दुखावतो. मावशी मटार सोलायला तासभर घेते. काका बघू शकत नाहीत. "जन्मभर राबली, आता तरी छळू नका तिला," असं म्हणत ते उठतात आणि वाटी उचलून स्वतः सोलायला बसतात. घरात सरळ दोन तट पडलेत.

काका चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांचा संसार आहे, तिची धडपड बघून त्यांच्या पोटात तुटतं. पण मला पेद्रोंच्या अंगणाबाहेरचे शेजारी आठवतात, आणि ते माकड आठवतं, ज्याला वाईट हाताशिवाय खायला मिळत होतं म्हणून त्या हाताची आठवणच राहिली नाही. मावशीला आता उजव्या हाताने वरची दोन बटणं लावता येतात. लिहिता येत नाही, कदाचित येणारही नाही. पोळी लाटताना लाटणं एका बाजूला जातं आणि श्रीलंकेचा नकाशा होतो. ती स्वतःच तसं म्हणते आणि हसते.

काका, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहीत आहे. मटार तिलाच सोलू द्या. तुम्ही शेजारी बसा, गप्पा मारा, आणि जेवण अर्धा तास उशिरा झालं तरी चालेल.

बरंच लांबलं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर लिहा, आम्हाला उपयोग होईल.